काळ्या पडणाऱ्या लघवीचं प्रकरण: एका एन्झाइमचा माग

1901 साली लंडनमध्ये एक बाळ जन्मलं. आईवडिलांचं ते पाचवं अपत्य. आईवडील धडधाकट होते, पण दोघांची आजी-आजोबांची एक जोडी सामाईक होती, म्हणजे नात्याने ते एकमेकांची भावंडं लागत. या घरात अल्काप्टोनुरिया आधीच दिसलेला होता. या विकारात लघवी बाहेर येताना नेहमीसारखीच असते, पण हवेला तशीच ठेवली तर तपकिरी आणि मग काळी होते. लंगोट साबणात भिजवला की डाग आणखी गडद होतो, कारण साबणासारख्या अल्कलीने ही क्रिया वेग घेते.

या कुटुंबावर लक्ष ठेवणारे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी नव्या बाळाचे लंगोट पहिल्यापासून तपासत राहायला परिचारिकेला सांगून ठेवलं. जन्मानंतर सुमारे 52 तासांनी ठसठशीत डाग दिसला.

एवढ्याशा डागासाठी तासांचा हिशेब ठेवण्यामागे कारण होतं. होमोजेंटिसिक आम्ल या रसायनामुळे लघवी काळी पडते, हे 1891 मध्येच कळलं होतं. अशा माणसाला टायरोसिन हे अमिनो आम्ल खाऊ घातलं की लघवीतलं होमोजेंटिसिक आम्ल वाढतं, हेही ठाऊक होतं. त्याचा लावला गेलेला अर्थ मात्र असा, की आतड्यात कुठले तरी जंतू बसलेत आणि तेच टायरोसिनचं हे भलतंच रसायन करतात. संसर्गाचं शास्त्र तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट जंतूंवर ढकलणं सोपं होतं. पण जेमतेम दोन दिवसांच्या बाळात जंतूंचं इतकं पक्कं बस्तान बसावं, आयुष्यभर कमी-जास्त न होता टिकावं आणि तेही नेमकं त्याच घरातल्या भावंडांत, हे गॅरडना पटेना.

दुसरा धागा रसायनाचा होता. निरोगी माणसाने होमोजेंटिसिक आम्ल खाल्लं तर ते लघवीत जवळजवळ येत नाही, शरीर ते जाळून टाकतं. अल्काप्टोनुरिया असलेल्याने खाल्लं तर ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे हे रसायन परकं नाही. ते आपल्या सगळ्यांच्या शरीरात रोज तयार होतं आणि लगेच पुढच्या टप्प्यावर जातं. या मुलांत तो पुढचा टप्पाच चालत नाही. गॅरडनी 1908 च्या व्याख्यानांत हे स्पष्टच मांडलं: होमोजेंटिसिक आम्लातलं बेंझीनचं, म्हणजे सहा कार्बन अणूंचं, कडं फोडणारं एक खास एन्झाइम (शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) असतं आणि या लोकांत नेमकं तेच नसतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. युरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळून तो मुद्दा पुढे यायला 1926 उजाडलं. जनुक कशाचं बनलेलं असतं, हे तर त्याहून कितीतरी दूर होतं.

तिसरा धागा कुटुंबांचा. गॅरडनी रुग्णांच्या आईवडिलांची नाती विचारली तेव्हा जवळच्या नात्यातली लग्नं अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाली. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचं काम 1900 मध्ये नुकतंच पुन्हा उजेडात आलं होतं आणि इंग्लिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन त्याचा हिरिरीने पुरस्कार करत होते. बेटसन यांच्या लक्षात आलं, की हे चित्र अप्रभावी गुणाचं आहे. आई आणि वडील दोघांकडेही त्या जनुकाची बिघडलेली एकेक प्रत, शिवाय एकेक चांगली, म्हणून दोघंही ठणठणीत. ज्या मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील त्याची लघवी काळी. प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. चार मुलांत एकालाच होणार असा याचा अर्थ नव्हे. सलग दोन किंवा तीन मुलं बाधित निघू शकतात, कारण प्रत्येक वेळी नवं दान पडतं.

यकृताच्या पेशीत काय घडतं

आता त्या लंगोटाकडून थेट पेशीत जाऊ. गॅरडना जे दिसू शकत नव्हतं ते आज अक्षर-अक्षर वाचता येतं.

जेवणातल्या प्रथिनांतून फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन मिळतं. गरजेपुरतं वापरून उरलेलं यकृतात टप्प्याटप्प्याने मोडलं जातं. फेनिलॲलॅनिनचं टायरोसिन, त्याचं हायड्रॉक्सिफेनिलपायरुव्हेट, त्याचं होमोजेंटिसिक आम्ल, त्याचं मॅलेइलॲसिटोॲसिटेट, असं करत शेवटी फ्युमरेट आणि ॲसिटोॲसिटेट, जे पेशी इंधन म्हणून वापरते. प्रत्येक टप्प्याला वेगळं एन्झाइम आहे आणि प्रत्येक एन्झाइमसाठी वेगळं जनुक. पहिला टप्पा बंद पडला तर फेनिलकीटोनुरिया होतो, ज्यात उपचार न मिळाल्यास मेंदूची वाढ खुंटते. शेवटचा टप्पा बंद पडला तर पहिल्या प्रकारचा टायरोसिनेमिया, ज्यात यकृत निकामी होतं. मधला बंद पडला तर आपलं प्रकरण. एकाच पाटावरची दारं, पण कुठलं दार अडकलं त्यावर पाणी कुठे तुंबणार आणि कुठलं शेत बुडणार हे ठरतं.

आपल्या प्रकरणातल्या एन्झाइमचं नाव होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज. त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे आणि त्याला एचजीडी म्हणतात. त्याची लांबी सुमारे 54,000 अक्षरं, म्हणजे डीएनएमधले ए, सी, जी, टी हे घटक. यातला प्रथिनाचा मजकूर मात्र जेमतेम 1,338 अक्षरांचा: 445 अमिनो आम्लांसाठी प्रत्येकी तीन, वर थांबण्याचा तीन अक्षरी संकेत. तोही सलग नाही, 14 तुकड्यांत विखुरलेला. मधली हजारो अक्षरं वाचून टाकून द्यायची असतात. पहिल्यांदा हे आकडे पाहणाऱ्याला ही उधळपट्टीच वाटते.

शरीरातल्या केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे जनुक आहे. त्वचेच्या पेशीतही आणि मेंदूच्या पेशीतही. पण ते मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात वाचलं जातं. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर काही प्रथिनं येऊन बसली तरच वाचन सुरू होतं आणि ती नेमकी प्रथिनं यकृताच्या पेशीत हजर असतात. जनुक आपणहून काही करत नाही, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. ते पडून असतं. त्याला वाचणारी यंत्रणा पेशीत आधीपासून असावी लागते आणि ती यंत्रणाही प्रथिनांचीच असते, म्हणजे दुसऱ्या जनुकांवरून बनलेली.

वाचन सुरू झालं की आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम डीएनएच्या एका धाग्यावरून सरकत त्याची आरएनएमध्ये नक्कल काढतं. वेग मिनिटाला साधारण 2,000 अक्षरं धरला, तर ही अख्खी नक्कल निघायला अर्ध्या तासाच्या आसपास लागेल. नक्कल निघत असतानाच नको असलेले भाग कापले जातात आणि 14 तुकडे एकमेकांना जोडले जातात. कुठे कापायचं, हे ओळखण्याची खूण फारच छोटी असते: टाकाऊ भागाची सुरुवात जवळजवळ नेहमी जीटी या दोन अक्षरांनी होते आणि शेवट एजी या दोन अक्षरांनी.

तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जोडणारं पेशीतलं यंत्र, त्याला पकडतो. एयूजी हा संकेत (आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो) मिळाला की तिथून तीन-तीन अक्षरांचे गट करत वाचायला लागतो. प्रत्येक गटाला जुळणारा वाहक आरएनए आपलं अमिनो आम्ल घेऊन येतो, रायबोसोम ते साखळीत जोडतो आणि तीन अक्षरं पुढे सरकतो. आपल्यासारख्या प्राण्यांत हा वेग सेकंदाला पाचेक अमिनो आम्लांचा. म्हणजे 445 ची साखळी दीड मिनिटात तयार.

पण साखळी म्हणजे एन्झाइम नव्हे, आणि शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट नेमकी इथेच थांबते याची मला नेहमी चुटपुट लागते. ती साखळी आता दुमडायला हवी. पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं आतल्या बाजूला, पाण्यात रमणारी बाहेर, असं करत तिला ठरावीक आकार येतो. मग तशा तीन साखळ्या एकत्र येऊन एक त्रिकूट बनतं आणि अशी दोन त्रिकुटं पाठीला पाठ लावून बसतात. सहा साखळ्यांचा हा जुडगा म्हणजे काम करणारं एन्झाइम. 2000 साली त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे नीट दिसलं. प्रत्येक साखळीच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि त्याला दोन हिस्टिडिन व एक ग्लुटामेट जागेवर धरून ठेवतात. साखळीत ही तीन अमिनो आम्लं 335, 341 आणि 371 या क्रमांकांवर आहेत. तिसरं बाकीच्या दोघांपासून बरंच दूर, पण साखळी दुमडल्यावर तिघं एका अणूभोवती येऊन बसतात. त्या लोहाच्या आधाराने ऑक्सिजनच्या रेणूतले दोन्ही अणू होमोजेंटिसिक आम्लाच्या कड्यात घुसवले जातात आणि कडं फुटतं. गॅरडनी ज्या कामाबद्दल केवळ तर्क केला होता, ते काम हे.

बिघाड नेमका कुठे होतो

एचजीडी जनुकात विकाराला कारण ठरणारे दोनशेहून जास्त वेगवेगळे बदल आजवर सापडले आहेत. सगळ्यांचा परिणाम एकच, लघवी काळी. पण वाट वेगळी. मला हे प्रकरण अभ्यासायला इतकं योग्य वाटतं ते यासाठीच.

1996 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी हे जनुक हाती घेतलं तेव्हा पहिले दोन बदल सापडले. एकात 688 वं अक्षर सीचं टी झालेलं होतं. त्यामुळे 230 व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन आलं. प्रोलिन हे साखळीला ताठर वळण देणारं अमिनो आम्ल, सेरिन तसं नाही. दुसऱ्यात 899 वं अक्षर टीचं जी झालं आणि 300 व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लायसिन आलं. व्हॅलिन आतली पोकळी भरून बसतं, ग्लायसिन सगळ्यांत लहान, तिथे रिकामी जागा राहते. दोन्ही जागा लोह धरणाऱ्या त्या तीन अमिनो आम्लांच्या रांगेतल्या नाहीत. म्हणजे कडं फोडणाऱ्या जागेला थेट हात न लावताही एन्झाइम बिघडू शकतं. सहा साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसायच्या तर प्रत्येक वळण जागच्या जागी हवं. कुठेही ढिलाई आली की जुडगा जमत नाही, आणि पेशी अशी अर्धवट दुमडलेली प्रथिनं मोडून टाकते.

युरोपातल्या रुग्णांत वारंवार दिसणारा बदल 368 व्या जागेवरचा. तिथे एयूजी या संकेताचं जीयूजी होतं, म्हणजे मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन. ही जागा लोह धरणाऱ्या 371 व्या हिस्टिडिनच्या अगदी शेजारी.

स्लोव्हाकियात वेगळाच प्रकार जास्त दिसतो. जगात अडीच ते दहा लाखांत एक असा हा विकार, पण तिथे सुमारे 19,000 त एक. तिथल्या नेहमीच्या बदलांपैकी एकात 152 व्या अमिनो आम्लापासून वाचनाची चौकटच सरकते. तीन-तीनच्या गटांत वाचायच्या मजकुरात एक अक्षर जास्तीचं घुसलं, की तिथून पुढचा प्रत्येक गट चुकतो. थोड्याच अंतरावर कुठला तरी थांबण्याचा संकेत अवेळी येतो. अशी अर्धी राहणारी प्रत पेशी बरेचदा ओळखते आणि तो आरएनएच नष्ट करते. इथे वाकडं प्रथिनही तयार होत नाही, जवळजवळ काहीच होत नाही.

तामिळनाडूतल्या नरिकुरवर समाजात सापडलेला बदल तर प्रथिनाच्या मजकुराबाहेर आहे. 87 वं अक्षर संपतं, म्हणजे पहिल्या 29 अमिनो आम्लांचा मजकूर पुरा होतो, तिथून टाकाऊ भाग सुरू व्हायचा. त्याचं अगदी पहिलं अक्षर जीचं ए झालेलं आहे. म्हणजे जीटीच्या जागी एटी. कापण्याची खूणच पुसली गेली. प्रथिनाचं एकही अक्षर बदललेलं नसताना नीट जोडलेला संदेश तयार होत नाही. समाज लहान, लग्नं समाजातल्या समाजात, त्यामुळे कुणा एका पूर्वजातला बदल पुढे अनेक घरांत पोहोचला. लंडनच्या त्या आईवडिलांचं नातं आणि हे एकाच नियमाचे दोन नमुने.

आईवडील निरोगी कसे

हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्यांच्याकडे चांगली प्रत एकच, म्हणजे कामाचं एन्झाइम ढोबळमानाने निम्मं. मग निम्मं होमोजेंटिसिक आम्ल लघवीत का येत नाही?

कारण एन्झाइम वापरलं की संपत नाही. एक रेणू फोडला की तोच जुडगा लगेच दुसरा हातात घेतो. यकृतात या कामाची क्षमता रोजच्या गरजेहून कितीतरी जास्त आहे. निम्मे जुडगे असले आणि होमोजेंटिसिक आम्लाची पातळी किंचित चढली, की उरलेले जुडगे जास्त वेगाने चालतात आणि हिशेब जुळतो. क्षमता शून्याजवळ गेली की मात्र रोज काही ग्रॅम होमोजेंटिसिक आम्ल लघवीतून जाऊ लागतं. एन्झाइमांचे इतके विकार अप्रभावी का, याचं मोठं उत्तर यात आहे. साखळी जेव्हा बांधकामाचं प्रथिन असते, उदाहरणार्थ कोलॅजन, तेव्हा निम्मा पुरवठा किंवा त्यात मिसळलेला सदोष धागा लगेच जाणवतो आणि एकच बिघडलेली प्रत पुरते.

पुरावा हाती यायला लागलेली वर्षं

गॅरडचं म्हणणं ऐकलं गेलं, पण मुरलं नाही. 1941 मध्ये जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर क्ष-किरण टाकून एकेका रासायनिक टप्प्यावर अडणारे वाण मिळवले आणि एका जनुकामागे एक एन्झाइम हा विचार रुळला. 1958 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा बीडल यांनी गॅरडना आपले पूर्वसूरी मानलं. पुढे ते सूत्र सैल करावं लागलं. हिमोग्लोबिनला दोन प्रकारच्या साखळ्या लागतात, म्हणजे दोन जनुकं. एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून अनेक प्रथिनं बनतात. काही जनुकांवरून प्रथिन बनतच नाही. होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेजच्या सहाही साखळ्या एकाच जनुकाच्या, म्हणून गॅरडची बाजू इतकी स्वच्छ निघाली. यात नशिबाचाही भाग होता.

त्याच 1958 मध्ये अमेरिकेत बर्ट ला डू आणि सहकाऱ्यांनी अल्काप्टोनुरियाच्या रुग्णाच्या यकृताचा नमुना तपासला. टायरोसिन मोडणाऱ्या वाटेवरची बाकीची एन्झाइमं जागेवर होती. होमोजेंटिसिक आम्ल फोडणाऱ्याचं काम मात्र शून्य. तर्क मांडल्यापासून पन्नास वर्षांनी.

जनुक सापडलं तेही पुन्हा बुरशीच्या वाटेने. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीतही टायरोसिन मोडण्याची हीच वाट आहे. तिचं संबंधित जनुक मोडलं की तीही काळसर रंग सोडते. बुरशीच्या प्रथिनाशी जुळणारे मानवी तुकडे शोधत संशोधक एचजीडीपर्यंत पोहोचले. बुरशी आणि माणूस यांच्या वाटा फुटून युगं लोटली, तरी एन्झाइम ओळखू येण्याइतकं सारखं राहिलं.

साचलेल्या रसायनाचं पुढे काय होतं

गॅरड या अवस्थेला जवळजवळ निरुपद्रवी समजत होते. केसांचा रंग वेगळा असावा तसा रसायनाचा वेगळेपणा, असा त्यांचा कल. लहान मुलं पाहणाऱ्या डॉक्टरला तसं वाटणं साहजिक होतं, कारण बालपणी लघवीच्या रंगापलीकडे काही दिसत नाही.

होमोजेंटिसिक आम्ल सगळंच लघवीतून जात नाही. काही शरीरात राहतं, ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्याचा गडद रंगद्रव्यासारखा पदार्थ कूर्चेतल्या कोलॅजनला चिकटत जातो. रुडॉल्फ विर्शो यांनी 1866 मध्ये शवविच्छेदनात अशी रंगलेली कूर्चा पाहून ठेवली होती, पण तिचा काळ्या लघवीशी असलेला संबंध 1902 मध्ये जोडला गेला. तिशीच्या आसपास कानाच्या पाळीवर निळसर छटा, डोळ्याच्या पांढऱ्या भागात तपकिरी ठिपके, मग कंबर आणि पाठ आखडणं, पुढे गुडघे व खुबे. रंगलेली कूर्चा ठिसूळ होते. अनेकांना सांधे बदलावे लागतात. हृदयाच्या झडपाही कडक होऊ शकतात.

उपचार काय? एन्झाइम बाहेरून टोचावं, तर ते यकृताच्या पेशींच्या आत काम करणारं आहे, रक्तात सोडून भागत नाही. प्रथिनं कमी खाऊन कच्चा माल घटवावा, तर आयुष्यभर ते पाळणं अवघड आणि फायदाही जेमतेम. चाललेला उपाय तिरकस निघाला. नितिसिनोन हे औषध तणनाशकांच्या संशोधनातून आलेलं. ते होमोजेंटिसिक आम्ल तयार करणारं, एक टप्पा आधीचं एन्झाइम बंद पाडतं. म्हणजे बिघडलेलं दुरुस्त न करता चांगलं असलेलं मुद्दाम अडवायचं. टायरोसिनेमियाच्या पहिल्या प्रकारात ते 1990 च्या दशकापासून जीव वाचवत आहे. अल्काप्टोनुरियाच्या रुग्णांवर रोज 10 मिलिग्रॅमची चाचणी झाली, तेव्हा लघवीतलं होमोजेंटिसिक आम्ल 99 टक्क्यांहून जास्त घटलं, आणि 2020 मध्ये युरोपात प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली.

आता तुंबतं ते टायरोसिन. रक्तात ते कैक पटींनी वाढतं आणि काहींच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात त्याचे स्फटिक साचून डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही. म्हणून औषधासोबत आहारातली प्रथिनं मोजावी लागतात आणि नेत्रतपासणी चालू ठेवावी लागते. राहतो तो वेळेचा प्रश्न. कूर्चेत रंग साचायला फार आधी सुरुवात होते, दुखणं मात्र दशकांनी येतं. औषध लवकर सुरू करावं तर वाढत्या मुलाला वर्षानुवर्षं चढलेल्या टायरोसिनसोबत ठेवावं लागतं. उशिरा करावं तर साचलेला रंग निघत नाही. आज बहुतेक डॉक्टर प्रौढपणीच औषध देतात, आणि लंगोटावर डाग दिसलेल्या बाळाच्या घरी निदान सांगून वर्षानुवर्षं नुसती तपासणी चालू राहते.